पूजेतून न उठलेली घोडी

अहो, ऐकताय का?

हे विचारायची सवयच लागली होती मला. कॉम्प्रेसर चालू असला की माझं एक अक्षर तुमच्या कानावर जायचं नाही. आणि कॉम्प्रेसर बंद असला तरी तुम्ही ऐकायचा नाही, ती गोष्ट वेगळी. आता मात्र ऐकावंच लागंल. "आलो गं, गिऱ्हाईक हाय" म्हणून उठून जायची सोय राहिली नाही तुम्हाला.

लोक येऊन बसतात. "लई देवमाणूस होता" म्हणतात. मी मान डोलवते. तोंडावर काय बोलायचं? पण मनात येतं, देवमाणूस असतील, व्हय, पण गाडीखाली घोडी लावली नाही त्यांनी. जॅकनं गाडी उचलली की तिच्या खाली टेकण द्यायची साधी लोखंडी तिवई. ती तुमच्यापासून दहा पावलं लांब होती. हळदीकुंकू लावून, झेंडूची माळ घालून, नटवून बसवली होती. आणि तुम्ही तिच्याकडं बघत बघत, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीच्या खाली गेला.

मला रडू कमी येतंय आणि राग लई येतोय. बायकांना वाटतंय मी दगड झाले. होऊ दे वाटायचं.

लिहायचं कशाला म्हणाल. तुम्हीच तर मला मास्तरीण म्हणून चिडवायचा. शाळेत गेले नाही मी, पण आपल्या टायरच्या दुकानापुढं थांबणाऱ्या ट्रकांच्या मागं लिहिलेलं वाचत वाचत अक्षरं शिकले, टायरवरच्या खुणा वाचायला शिकले, आणि मग जे ते तुम्हाला वाचून दाखवायला लागले. "आली मास्तरीण," म्हणायचा. "आता छडी घे हातात." तर ही मास्तरीण आज पाटी घेऊन बसलीय. तुमच्यात माझ्यात एक भांडण अर्धं राहिलंय, ते मी पुरं करणार आहे. तुम्ही मधीच उठून गेला म्हणून ते मिटलं असं कुणी समजू नये.

चाकाचे नट सोडायची ती बॅटरीची गन आली तेव्हापासनं सुरुवात करते. तुमचा उजवा खांदा उतरला होता. लांब पाना लावून, त्यावर उभं राहून नट सोडवायचा तुम्ही, आणि मग संध्याकाळी मी तेल चोळायचे. आपल्या लेकानं, महेशनं बघितलं. पोरगं पुण्याला कारखान्यात, तिथं ह्या गन रोजच्याच. म्हणाला, "दादा, आता पान्यावर नाचायचं बंद." सोलापूरला घेऊन गेला आपल्याला. दुकानदारानं गन हातात दिली, खटका दाबून दाखवला, आणि तुमचं तोंड असं झालं की लग्नात मला बघताना झालं नव्हतं.

दुकानदार चांगला माणूस होता हो. त्यानं सांगितलं होतं सगळं. ही नुसती फिरत नाही, आतून हातोड्यासारखी ठोकते. म्हणून नटावर बसणारी गोटी हिला काळी, जाडच लावायची, हातपान्याची चकचकीत गोटी लावली तर फुटंल. गोटी बदलताना बॅटरी काढून ठेवायची. डोळ्यांवर चष्मा. गळ्यात गमछा नको. नट आधी जमिनीवरच ढिले करायचे, मग गाडी उचलायची. आणि उचलली की घोडी लावल्याशिवाय खाली बोटसुद्धा घालायचं नाही. तुम्ही "बरं बरं" म्हणत गनच कुरवाळत होता. ऐकत होते मी.

घरी आल्यावर म्या म्हटलं, "चष्मा कुठाय?"

"अगं, चष्मा लावून मी काय पिक्चरमध्ये काम करू का?"

"आणि ह्यो गमछा?"

"गमछा माझा जल्मापासनचा हाय. गन काल आलीय."

मग ती चकचकीत गोटी. काळी गोटी कुठंतरी हरवली आणि एका ड्रायव्हरची घाई, म्हणून तुम्ही जुन्या पेटीतली हातपान्याची गोटी गनला लावली. मी चहा गाळत होते. टण्‌ असा आवाज झाला आणि माझ्या डोक्यावरच्या पत्र्याला भोक पडलं. गोटी फुटून तिचा तुकडा वर गेला होता. मी किटली तशीच धरून उभी. तुम्ही वर बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हसलात. "बरं झालं, उजेड आला थोडा."

त्या दिवशी मी तुम्हाला जेवायला वाढलं नाही. तुम्ही हातानं घेऊन खाल्लं आणि वर मलाही ताट वाढून दिलंत. असं करायचा म्हणूनच राग पुरा निघायचा नाही माझा. अर्धा राग आत ठेवून ठेवून आता किती साठलाय, बघा.

खोटं कशाला बोलू, चांगलंही आठवतं. दुपारी रस्ता शांत असताना तुम्ही गन माझ्या हातात दिली होती. "धर दोन्ही हातांनी. पाय फाकवून उभी ऱ्हा. आधी बघ, खटका कुठल्या बाजूला हाय, सोडायच्या का कसायच्या. न बघता दाबलंस तर मनगट फिरवंल ती." मी जळकोटच्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे नट सोडवले. ट्रॉलीवाला आ वासून बघत होता. तुम्ही त्याला म्हणाला, "बघतोस काय? घरी जाऊन सांग बायकोला, टायरवाल्याच्या बायकोच्या नादाला लागू नको म्हणून." मला हसू आवरंना. त्या ठोक्यांनी हाताला दिवसभर मुंग्या आल्यासारखं वाटत होतं, पण मी कुणाला सांगितलं नाही. कुणी असं हत्यार बाईच्या हातात देतं का? तुम्ही दिलंत. ते मी विसरणार नाही.

आणि दुसऱ्याच्या चाकाची काळजी! ती तर सगळ्या हायवेला माहीत. गननं नट कसून कधी गाडी सोडली नाही तुम्ही. गन नुसती नट बसवण्यापुरती, शेवटचा आवळ हातानंच. एक इकडचा, मग त्याच्या समोरचा, असं आडवंतिडवं करत. गननं लई आवळलं तर नट तुटंल, कमी आवळलं तर चाक निघंल, हाताला कळतं तेवढं गनला कळत नाही, असं म्हणायचा. आणि ड्रायव्हरला दम, "नळदुर्गाच्या पुढं जरा थांब आणि परत एकदा पाना लावून बघ. बघितलं न्हायस आणि चाक निघालं, तर माझ्या दुकानाचं नाव सांगू नको." एक टेम्पोवाला हसला, तर त्याला परत बोलावून, स्वतः खाली बसून सगळे नट पुन्हा तपासलेत.

म्हणजे कळत होतं तुम्हाला. हेच तर माझं भांडण आहे. अडाण्याचा राग येत नाही मला. तुम्हाला सगळं कळत होतं आणि ते फक्त लोकांसाठी ठेवलं होतं. ड्रायव्हरची लेकरं, त्याची बायको वाट बघत असेल, असं म्हणायचा. माझी वाट कुठं गेली?

आता त्या दिवसावर येते.

खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडायची आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे सगळ्यांकडंच असतं. पण आपल्या घरी त्याला एक पळवाट होती. सासूबाईंपासनं चालत आलेली. नवरात्रात तुळजापूरला जाणारी माणसं ह्याच रस्त्यानं जातात, त्यातलं कुणी अडलं तर नाही म्हणू नये, म्हणून एक पाना पूजेत ठेवायचा नाही, बाहेर ठेवायचा. जे पूजेत नाही ते चालतं. सासूबाईंच्या वेळी ते ठीक होतं. चाक हवेत फिरत असलं की पान्यानं नट सोडवताच येत नाहीत, गाडी जमिनीवर असतानाच नट ढिले करावे लागतात. हातपाना माणसाला आपोआप शहाणा ठेवतो. पण गन आली आणि तुम्ही पान्याच्या जागी गन बाहेर ठेवायला लागला. गन उचललेल्या चाकाचेही नट भर्रकन सोडते. आधी ढिलं करायची सवयच गेली तुमची.

आणि घोडी मात्र पूजेत. ती तुमच्या वडलांनी लोहाराकडनं करून घेतलेली, तिला पहिला मान. जॅक पूजेत, घोडी पूजेत, गन बाहेर. मी सकाळी मांडणी करतानाच म्हटलं होतं, "एकतर गन आत ठेवा, न्हायतर घोडी बाहेर ठेवा. एकाला सुट्टी आन एकाला काम, असं करू नका."

"वडलांची घोडी पूजेतनं बाहेर ठेवू? खंडेनवमीला?"

"मग गनला कशाला मोकळी सोडता?"

"गनला बॅटरी हाय. तिला देव लागत न्हाय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसलात.

दुपारी ती गाडी आली. कर्नाटकातली माणसं, तुळजापूरला निघालेली, मागचं चाक बसलेलं. बाया लिंबाखाली उतरून बसल्या. सगळ्यांना खाली उतरवलंत तुम्ही, एका म्हातारीला हात धरून उतरवलंत. ते नीट केलंत. ड्रायव्हर म्हणत होता, "अण्णा, लौकर माडरी, लवकर करा, आरती चुकते." मग तुम्ही त्याचाच जॅक घेतला. बारका जॅक. परतीच्या पावसानं मुरूम भिजून मऊ झालेला. मी दारातनं बघितलं. पुरण चुलीवर होतं, हाताला लागलेलं, नैवेद्य अजून व्हायचा होता.

मी ओरडले, "घोडी लावा हो!"

"पूजेतली उठवू व्हय? नट तर सोडायचेत."

"मग काढलेलं चाक तरी गाडीखाली सरकवा!"

"सरकवतो, सरकवतो. तुझं पुरण बघ, करपतंय."

आपलं शेवटचं बोलणं पुरणावरनं झालं. लोक म्हणतात शेवटी काय बोलले? काय सांगू त्यांना.

आत गेले आणि गनचा आवाज ऐकला. एक नट सुटेना म्हणून थांबून थांबून ठोकत होती. त्या ठोकण्यानं जॅक मऊ मातीत तिरका होत होता, हे आता सांगता येतं. चाक काढलंत आणि बाजूला फेकलंत. आत सरकवलं नाही, न्हायतर गाडी त्या चाकावर तरी टेकली असती. एक नट गोटीतनं निसटून गाडीखाली गेला होता. तो घ्यायला खांद्यापर्यंत आत गेलात. एक नट हो. आपल्या डब्यात तसले किती पडलेत.

पुढचं लिहीत नाही. बाया लिंबाखालनं ओरडल्या तेवढं कानात आहे.

मग लोक यायला लागले. शेजारची शांतामावशी गळ्यात पडली आणि म्हणाली, "खंडेनवमीला हत्यार चालवलं गं बाई. देवीचा कोप झाला." दुसरी म्हणाली, व्हय, तेच. तिसरी म्हणाली, तेच. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाचं तेच झालं. तुमच्या भावानं, दत्ताभावजींनीही तेच धरलं. रोज तुमच्या शेजारी बसून चाकं काढणारा माणूस, त्यानं जॅक बघितला, ओली माती बघितली, तरी म्हणाला, "वहिनी, कोप झाला."

मला ह्याचा जास्त राग आला. तुमच्यापेक्षा जास्त. देवीची माणसं अडली म्हणून तुम्ही सण सोडून उठलात, आणि ती देवी तुम्हाला मारंल व्हय? माझा माणूस चुकला, असं म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही, म्हणून त्या माउलीला रागीट करून टाकलं सगळ्यांनी. सोपं आहे ते. कोप म्हटलं की कुणाला काही बदलायला लागत नाही. पुढच्या खंडेनवमीला गनसुद्धा पूजेत ठेवतील, हात जोडतील, आणि दसऱ्यानंतर परत नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जातील. जे तुमचं झालं ते दत्ताभावजींचं व्हायला वेळ लागणार नाही. त्यांची लेकरं अजून शाळेत आहेत.

दहाव्याला बोरी नदीवर गेलो तर भावजींच्या हातात पोतं.

"काय हाय त्यात?"

"गन. बोरीत सोडतो, वहिनी. अपशकुनी हाय."

मी भटजींसमोर, सगळ्या भाऊबंदांसमोर म्हटलं, "ठेवा ती खाली. गननं न्हाय मारलं त्यांना."

"मग कुणी मारलं?"

"जॅकनं. ओल्या मातीनं. आणि त्यांच्या हट्टानं. घोडी न लावता खाली गेले तुमचे भाऊ. म्हणा की एकदा तोंडानं."

एक म्हातारे म्हणाले, "बाई, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये." महेश खाली मान घालून उभा होता. गन त्यानंच आणली म्हणून त्याला आत काहीतरी खात होतं, ते मला दिसत होतं. म्हणून तर मी बोलले हो. कोपाचं खरं धरलं असतं तर ते पोर जन्मभर ती गन डोक्यावर घेऊन फिरलं असतं. तुमचं नाव थोडं खाली आलं तर चालंल मला. पोराची मान वर राहिली पाहिजे. पोतं त्यानंच उचललं आणि गाडीत ठेवलं.

तेराव्यानंतर दुकान उघडलं. भावजी आले, पण आत पाऊल टाकंनात. कोपऱ्यात पूजा तशीच होती. दसऱ्याला सकाळी आरती करून हत्यारं उठवायची असतात, ती उठवायला घरात सुतक होतं. झेंडू वाळून काळा पडलेला. घोडीवर उंदरांनी माळ कुरतडलेली. सगळं अजून पूजेतच बसलेलं, तुमच्यासारखंच, आता कुणाच्याच कामाचं नाही असं.

एक पिकअप येऊन थांबली. मागचं चाक बसलेलं. भावजींनी इकडंतिकडं बघितलं आणि पिकअपवाल्याचाच जॅक मागितला.

"भावजी, घोडी घ्या."

"वहिनी, पूजा उठली न्हाय. भटजींना विचारतो, दिवस बघून…"

"तोवर काय करणार?"

"तोवर सांभाळून करतो की."

सांभाळून. तुमचाच शब्द. तुमच्याच तोंडातला, तुमच्याच आवाजात.

मी उठले. कपाळाला कुंकू नसलेल्या बाईनं पूजेला हात लावायचा नसतो म्हणतात. लावला. माळ काढून टाकली, पदरानं हळदकुंकू पुसलं, आणि घोडी उचलली. जड आहे हो. कंबर धरली. पोटाशी धरून आणली आणि भावजींच्या पायापुढं आदळली. शांतामावशी तिच्या दारातनं बघत होती, तिच्या तोंडाला पदर गेला. जाऊ दे. तुम्ही असता तर म्हणाला असता, अगं, काय करतेस. तुम्ही नाही. तुम्ही असायला पाहिजे होता.

भावजींनी पाना घेतला. नट आधी जमिनीवर ढिले केले, एकेक. जॅकखाली फळी घातली. गाडी उचलली, घोडी लावली. मी तिथंच उभी राहिले, राखणीला ठेवल्यासारखी. चाक काढलं, आत सरकवलं. मग त्यांना खाली काहीतरी बघायचं होतं, पाट्याचा बोल्ट का काय. अंग घालून आत गेले. त्यांचे पाय तेवढे बाहेर. मी त्या पायांकडं बघत होते.

गाडी जरा करकरली. घोडीवर बसली. हलली नाही.

थोड्या वेळानं भावजी सरकत बाहेर आले, पाठीचा मुरूम झाडला, चिंधीला हात पुसले, आणि म्हणाले, "वहिनी, चहा टाका की."

एवढंच असतं हो. माणूस खालनं बाहेर येतो आणि चहा मागतो. एवढंच मागत होते मी तुमच्याकडं.